अकुशल हात आणि राहते घर

दुसऱ्याच्या हातून खिळा वाकडा गेला म्हणजे पाहणाऱ्याला हसू येते. हे हसू सर्व देशांत सारखेच. कॅनडात या हसण्याच्या आधारावर दूरचित्रवाणीची एक संपूर्ण स्पर्धा उभारण्यात आली होती. २००६ ते २०११ या काळात तेथील डिस्कव्हरी वाहिनीवर ‘कॅनडाज वर्स्ट हँडीमन’ या नावाचा कार्यक्रम होत असे, आणि अँड्र्यू यंगहजबंड हे गृहस्थ त्याचे सूत्रसंचालन करीत. घराची दुरुस्ती करण्याची हौस दांडगी, परंतु अंगी कसब नाही, अशा माणसांची नावे त्यांचेच नातलग आणि मित्र सुचवीत. मग त्या सर्वांना एकत्र आणून सुतारकाम, फरशी, रंग, नळजोडणी अशी कामे सोपविली जात. मुरलेले कंत्राटदार त्यांच्या चुका दाखवून देत, आणि सरतेशेवटी एका स्पर्धकाला ‘सर्वांत वाईट कारागीर’ हा किताब मिळे.

अशा तऱ्हेचे कार्यक्रम इतर देशांतही झाले. १९९६ साली ब्रिटनच्या बीबीसीवर ‘चेंजिंग रूम्स’ सुरू झाला. त्यात दोन शेजारी कुटुंबे आपापली घरे अदलाबदल करून एकमेकांची एकेक खोली सजवीत. २००३ साली ऑस्ट्रेलियात ‘द ब्लॉक’ आला. त्यात चार जोडप्यांनी चार सदनिका दुरुस्त करावयाच्या, त्यांचा जाहीर लिलाव व्हावयाचा, आणि ज्याच्या सदनिकेला अधिक नफा तो विजयी, असा नियम होता. म्हणजे पहिल्या कार्यक्रमात माणसाच्या फजितीची करमणूक झाली, दुसऱ्यात शेजाऱ्याच्या आवडीनिवडीची, आणि तिसऱ्यात घर हा बाजारातील माल झाला.

या तिन्ही कार्यक्रमांच्या मुळाशी एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. घरात राहणारा निराळा आणि घर बांधणारा निराळा, ही ती गोष्ट होय. राहणाऱ्याने हातात हातोडी घेतली, तर तो त्याच्यासाठी छंद आणि इतरांसाठी तमाशा. युरोप-अमेरिकेतील शहरांत ही विभागणी जुनी आहे, म्हणून तेथे ती कोणाला खटकत नाही. परंतु जेथे दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत घराचा मालक हाच घराचा डागडुजी करणारा होता, आणि जेथे आज तो मालक आपल्याच घरासमोर अडाण्यासारखा उभा राहू लागला आहे, अशा एखाद्या गावाकडे पाहिले म्हणजे या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येते.

असे गाव म्हणून मध्य प्रदेशातील तिगावचा विचार करू. नागपूरहून इटारसीकडे जाणारी आगगाडी नरखेड सोडून पांढुर्ण्याला येते आणि तेथून तिगावला पोहोचते. यापुढे चिचोंड्याकडे घाट लागतो. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा आणि सौंसर या तहसिली वेगळ्या काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा करण्यात आला. राज्याच्या सीमा बदलल्या, तरी येथील बोली, संत्र्यांच्या बागा, कपाशी आणि काळी जमीन ही वऱ्हाड-नागपूरशीच सख्य राखून आहेत. घरे बांधण्याची जुनी रीतही तीच.

या भागातील जुने घर म्हणजे मातीच्या भिंती, लाकडी आढे, वासे आणि त्यांवर कवेलूंचे छप्पर. अर्धगोल कवेलूंचा खालचा थर पन्हळीसारखा उताणा आणि वरचा थर पालथा, अशी त्यांची मांडणी असते. कवेलू खिळ्याने ठोकलेले नसतात. ते स्वतःच्या भाराने जागेवर बसतात. त्यामुळे वर्षभरात वानरे त्यांवरून उड्या मारतात, मांजरे धावतात, वावटळी येतात, आणि कवेलू सरकतात. पहिल्या पावसात त्याच फटीतून पाणी वाशावर टपकते. वासा भिजला की कुजतो, आणि वासा कुजला की पाखे बसते. म्हणून रोहिणी नक्षत्र लागले की गावोगाव कवेलू फेरण्याचे काम निघे. अनुभवी माणूस छपरावर चढे. पाय कवेलूवर न टाकता वाशावर टाकावयाचा, हे त्याला ठाऊक असे. तो एका कडेने कवेलू उचली, खाली साचलेली माती आणि घरटी काढून टाकी, कुजलेली कामटी बदली, आणि घरातील मुले खालून एकेक कवेलू हातोहात पोहोचवीत. ज्या मुलाने आठ-दहा वर्षे कवेलू पोहोचविले, तो पुढे आपोआप वर चढे. या शिक्षणाला शाळा नव्हती आणि प्रमाणपत्रही नव्हते.

भिंतींचे काम स्त्रियांकडे असे. मातीत गव्हाचे कुटार मिसळून ती भिजत ठेवावयाची, पायांनी तुडवावयाची, आणि मऊ झाली म्हणजे भिंतीला लावावयाची. कुटारामुळे माती वाळताना भेगाळत नाही. पावसाच्या शिंतोड्यांनी भिंतीचा तळ झिजतो, म्हणून त्या भागाला दरवर्षी नवा हात द्यावयाचा. सणापूर्वी पांढऱ्या मातीचा पोतेरा आणि जमिनीला शेणाचे सारवण हे तर ठरलेलेच. कोणती माती चिकट, कोणती भुसभुशीत, शेण किती आणि पाणी किती, हे प्रत्येक गृहिणीच्या हाताला माहीत असे. हे ज्ञान इतके सर्वांच्या अंगवळणी पडलेले होते की त्याला कोणी ज्ञान म्हणत नसे.

या घरांचा गौरव करताना त्यांचे दोष झाकून ठेवणे योग्य होणार नाही. लागोपाठ पावसाची झड लागली म्हणजे मातीची भिंत कोसळते आणि कधी कधी माणसेही तिच्याखाली सापडतात. वाळवी लाकूड खाते. विंचू-सर्पांना फटी मिळतात. दरवर्षीची निगा म्हणजे दरवर्षीचे कष्ट, आणि ज्या घरातले कर्ते पुरुष मजुरीसाठी बाहेरगावी गेले आहेत, त्या घरात हे कष्ट म्हाताऱ्यांच्या वाट्याला येतात. म्हणून पक्क्या घराची इच्छा ही चैन नव्हे. ती सुरक्षिततेची रास्त इच्छा आहे.

याच इच्छेला २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागाने हात दिला. सपाट प्रदेशात प्रत्येक घरामागे १,२०,००० रुपये, स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटरचे घर, पैसे हप्त्याहप्त्याने थेट बँकेच्या खात्यात, आणि त्याखेरीज रोजगार हमीतून सुमारे ९० दिवसांची मजुरी, असा तिचा मूळ आराखडा होता. घर शक्यतो पत्नीच्या किंवा पतिपत्नी दोघांच्या नावावर असावे, असेही धोरण ठेवण्यात आले. यातील सर्वांत महत्त्वाचे कलम असे की घर कंत्राटदाराने बांधावयाचे नाही, ज्याचे घर त्याने स्वतः उभे करून घ्यावयाचे. हे तत्त्व उत्तम आहे. घरधन्याला त्याच्या घराचा कर्ता मानणे हा त्याचा सन्मानच होय.

परंतु येथेच एक विलक्षण गोष्ट घडली. मजुरीच्या त्या ९० दिवसांना सरकारी कागदावर ‘अकुशल’ हे विशेषण आहे. ज्या माणसाने तीस पावसाळे आपले छप्पर कोरडे राखले, तो सिमेंटची पहिली गोणी दारात उतरताच अकुशल ठरला. ज्या स्त्रीने मातीला हात लावताच तिचा गुण ओळखला, तिच्या नावावर नवे घर चढले खरे. परंतु त्या घराच्या भिंतीत काय आहे, हे तिला कळेनासे झाले. हात तेच होते, फक्त त्यांच्यापुढचे साहित्य बदलले. तेव्हा अकुशलता ही माणसाच्या अंगची खोट नसून, हात आणि नवे साहित्य यांच्यामध्ये पडलेले अंतर आहे. हे अंतर शिक्षणाने मिटते. हसण्याने ते वाढते.

हे अंतर मिटले नाही तर काय होते, ते पाहू. काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया तिच्यातच थांबविला, तर घर दरवर्षी थोडे उचलले जाते आणि थोडे बसते, आणि कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. पाया खालच्या मुरमापर्यंत नेला पाहिजे. काँक्रीट कालविताना ते सैल पडावे म्हणून गवंड्याचा मजूर पाणी ओतत जातो. काम हलके होते. परंतु जास्तीचे पाणी पुढे उडून जाते आणि आत सूक्ष्म पोकळ्या ठेवून जाते. सळई साच्याच्या फळीला टेकली, तर तिच्याखाली सिमेंटचे कवच राहत नाही. हवेतील ओल तिला गाठते, गंज चढतो, गंजाने सळई फुगते आणि काही वर्षांनी छताचे पोपडे अंथरुणावर पडू लागतात. सिमेंट वाळून घट्ट होते, अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुतः सिमेंट पाण्याशी संयोग होऊन घट्ट होते. म्हणूनच काँक्रीटवर निदान सात दिवस, आणि मिश्र सिमेंट असेल किंवा उन्हाळा कडक असेल तर दहा दिवस, सतत ओल राखावी, असे भारतीय मानकांत सांगितले आहे. विदर्भाला लागून असलेल्या या मुलखात घरे बहुधा उन्हाळ्यातच बांधली जातात. तेव्हाच विहिरी तळाला गेलेल्या असतात, आणि पिण्यासाठी आणलेल्या पाण्यातून छतावर पाणी मारावयाचे, म्हणजे गृहिणीच्या जिवावर येते. हे पाणी कशासाठी, हे तिला कोणी समजावून सांगितले नसेल, तर तिसऱ्या दिवशी ते थांबते. छत वरून कोरडे आणि टणक दिसते. त्याची दुर्बलता दहा वर्षांनी उघडकीस येते. तोपर्यंत योजनेचे पैसे संपलेले असतात, आणि एकाच घरासाठी ते दुसऱ्यांदा मिळत नाहीत.

जुन्या घराची चूक पहिल्या पावसात कळे आणि पुढच्या रोहिणीत दुरुस्त होई. नव्या घराची चूक लपून राहते आणि कळते तेव्हा हाताबाहेर गेलेली असते. म्हणून नव्या घराच्या धन्याला अधिक जाणते असावे लागते. त्याने गवंडी व्हावे, असा याचा अर्थ नव्हे. दोन विटा एकमेकींवर आपटून त्यांचा खणखणीत नाद ऐकणे, त्या बांधण्यापूर्वी भिजविल्या आहेत की नाहीत हे पाहणे, काचेच्या पेल्यात वाळू आणि पाणी ढवळून तळाशी बसलेल्या वाळूवर मातीचा थर किती जमतो ते तपासणे, कालविलेले सिमेंट अर्ध्या तासात वापरून संपविण्याचा आग्रह धरणे, सळईखाली ठोकळे ठेवून घेणे, आणि छताचे टेकू गवंड्याच्या घाईसाठी लवकर काढू न देणे, एवढे कोणालाही साधेल. साडेचार मीटरपर्यंतच्या छताला हे टेकू निदान सात दिवस आणि त्याहून लांब छताला चौदा दिवस ठेवावे लागतात. ज्याला माती कळत होती, त्याला हे न कळण्यासारखे यात काहीच नाही.

येथून थोड्या अंतरावर, वर्धा जिल्ह्यात, याचे जुने उदाहरण आहे. इंग्रज नौदल अधिकाऱ्याची कन्या मॅडलीन स्लेड, म्हणजेच मीराबेन, ही काही शिकलेली स्थापत्यकार नव्हती. ती शेगाव या खेड्यात येऊन राहिली आणि १९३६ साली गांधीजीही तेथे आले. पुढे १९४० साली या गावाला सेवाग्राम हे नाव मिळाले. तेथील साध्या कुटींची आखणी मीराबेनने केली; परंतु साहित्य आसपासचे आणि कसब गावातल्या माणसांचे होते. तिने स्वतः राहण्यासाठी बांधविलेली कुटीच पुढे बापूकुटी झाली. तिच्या भिंतीवर मातीतच उठविलेली ताडाची झाडे आजही पाहावयास मिळतात. परक्या देशातून आलेली एक अकुशल बाई गावातल्या जाणत्या हातांजवळ बसून शिकली आणि तिला घर साधले. ही कुटी इतकी वर्षे टिकली, ती मातीच्या बळावर नव्हे. तिची निगा कधी खंडित झाली नाही म्हणून.

आता स्पर्धेच्या कल्पनेकडे पुन्हा वळू. स्पर्धा ही गोष्ट वाईट नाही. ती कशासाठी लावली जाते, यावर तिचे बरेवाईटपण अवलंबून असते. पांढुर्ण्याच्या सीमेला लागून असलेल्या अमरावती जिल्ह्यातील वरूड तालुक्याने याचा अनुभव घेतलेला आहे. २०१६ साली आमिर खान आणि किरण राव यांच्या पानी फाउंडेशनने ‘सत्यमेव जयते वॉटर कप’ ही स्पर्धा सुरू केली, तेव्हा पहिल्या वर्षासाठी वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव असे तीनच तालुके निवडले होते. ती घरांची स्पर्धा नव्हती, पाणी अडविण्याची होती. परंतु तिच्यातील स्पर्धकही अकुशलच होते. समपातळी चर म्हणजे काय, उताराचे माप कसे घ्यावयाचे, हे त्यांतील बहुतेकांना ठाऊक नव्हते. स्पर्धा सुरू होण्यापूर्वी प्रत्येक गावातील काही स्त्री-पुरुषांना प्रशिक्षण देण्यात आले, त्यांनी परत येऊन गावाला शिकविले, आणि मग सुमारे दीड महिना साऱ्या गावाने श्रमदान केले. दूरचित्रवाणीवरही ही कामे दाखविण्यात आली. पहिल्या वर्षी सातारा जिल्ह्यातील वेळू हे गाव पहिले आले. दुसऱ्या वर्षी, २०१७ साली, वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातील काकडदरा या छोट्या गावाने तो मान मिळविला. २०१९ पर्यंत ही स्पर्धा चालली.

या स्पर्धेतून दुष्काळाचा प्रश्न कायमचा सुटला, असे कोणी म्हणणार नाही. एका उन्हाळ्याचा उत्साह आणि वर्षानुवर्षांची देखभाल यांत अंतर असते, आणि चर गाळाने भरले की ते पुन्हा उपसावे लागतात. परंतु कॅनडातील त्या स्पर्धेहून हिचा एक मोठा विशेष होता. येथे आधी शिकविले गेले आणि मग जोखले गेले. येथे एका माणसाला सर्वांत वाईट ठरविण्यात आले नाही. ज्या गावांना बक्षीस मिळाले नाही, त्यांच्या शिवारातही खोदलेले चर राहिलेच. न्यायनिवाडा संपल्यावर हरणाऱ्याच्या हाती काय उरते, हीच कोणत्याही स्पर्धेची खरी कसोटी होय. न्यायासाठी असेही म्हटले पाहिजे की, कॅनडातील त्या कार्यक्रमातही जाणकार माणसे चुका समजावून सांगत, आणि काही स्पर्धक पूर्वीपेक्षा बरे काम करू लागत. त्यातील शिकविण्याचा भाग घ्यावा आणि किताबाचा भाग सोडून द्यावा.

मग तिगावसारख्या गावांत घरांची स्पर्धा का होऊ नये? ग्रामपंचायतीने ती लावावी. आवास योजनेतच गवंड्यांसाठी ४५ दिवसांच्या प्रशिक्षणाची तरतूद करण्यात आली होती, आणि हे प्रशिक्षण प्रत्यक्ष घर बांधीत असताना देण्याची पद्धत होती. अशा शिकलेल्या गवंड्याने गावातील नव्या घरांच्या धन्यांना, आणि विशेषतः घरधनिणींना, दोन-तीन दिवस वाळू, सिमेंट, पाणी आणि सळई यांची ओळख करून द्यावी. त्याच वेळी गावातील वृद्धांनी तरुण पोरांना कवेलू फेरण्याचे आणि माती तुडविण्याचे काम दाखवावे. कारण अजून पुष्कळ कुटुंबे जुन्याच घरांत आहेत, आणि ज्यांनी एक पक्की खोली बांधली, त्यांचीही न्हाणी, गोठा आणि स्वयंपाकघर पुष्कळदा मातीचेच असते. रंग कोणाचा झकपक आहे, याला गुण देऊ नयेत. पाया मुरमापर्यंत गेला काय, छतावर पुरे दिवस पाणी मारले गेले काय, वळचणीचे पाणी भिंतीपासून दूर वाहून जाते काय, याला गुण द्यावेत. शाळेतील मुलांनी या नोंदी ठेवाव्यात. दहा दिवस रोज एका छतावरील ओल पाहून वहीत खूण करणाऱ्या मुलाला सिमेंटचे रसायन पुस्तकापेक्षा अधिक चांगले कळेल.

अशा स्पर्धेत सर्वांत मागे राहणारे घर कोणाचे तरी असणारच. कदाचित ते एखाद्या एकट्या विधवेचे असेल, किंवा ज्याचे मुलगे नागपूरला कामावर गेले आहेत अशा म्हाताऱ्याचे असेल. त्या घरावर कॅमेरा रोखून हसण्याऐवजी गावातील चार जणांनी त्या घराचे छप्पर फेरून द्यावे. तेवढे झाले तरी स्पर्धेचे सार्थक होईल. पूर्वी हे काम भावकी आणि शेजार करीत असे. आज ते ठरवून करावे लागेल.

घर बांधणारे कारागीर लागतीलच, आणि त्यांच्या कसबाचा मान राखलाच पाहिजे. परंतु घरात जन्म काढणाऱ्याने त्या घराची भाषा विसरू नये. भेग कोणत्या दिशेला जात आहे, ओल वरून आली की खालून, हे ज्याला वाचता येते, त्याला गवंडी फसवीत नाही आणि पाऊसही अचानक गाठत नाही. तिगावच्या शिवारावर मृगाचे ढग दरवर्षीप्रमाणे जमतील, तेव्हा कवेलूंचे छप्पर आणि सिमेंटचे छत यांची एकाच दिवशी परीक्षा होईल. तिची तयारी चैत्र-वैशाखात करावी लागते, आणि ती कोणालाही शिकता येते.